गाडीचा ठिपका आणि खरा रस्ता : नकाशा-जुळणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाड्यांवरच्या जीपीएसचा डेटा ज्यांच्या गळ्यात पडतो त्यांच्यासाठी हे पान आहे. ट्रान्सपोर्ट कंपनीच्या कंट्रोल रूममधली मंडळी, शहर बसचं ॲप बनवणारे, वाहतुकीवर प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी. उदाहरणं बहुतेक मुंबईची आहेत, कारण मोहम्मद अली रोडवर जे नीट जुळतं ते बाकी कुठेही जुळतं.

नकाशा-जुळणी म्हणजे नेमकं काय?

गाडीतलं यंत्र ठरावीक सेकंदांनी अक्षांश, रेखांश, वेळ, वेग आणि दिशा पाठवतं. ऑफिसात त्याला कुणी पिंग म्हणतं, कुणी ठिपका. नकाशात असतात रस्त्यांचे तुकडे, चौकाचौकात एकमेकांना जोडलेले, आणि प्रत्येकावर एकेरी, दुहेरी, पूल, बोगदा अशा खुणा. ठिपक्यांच्या रांगेवरून गाडी कोणकोणत्या तुकड्यांवरून, कोणत्या क्रमाने गेली हे ठरवणं म्हणजे नकाशा-जुळणी. बोलताना सगळे मॅप मॅचिंगच म्हणतात.

बस पुढच्या स्टॉपवर कधी येईल, एखाद्या रस्त्यावर संध्याकाळी सरासरी वेग किती, ड्रायव्हरचे किलोमीटर किती झाले, गाडी ठरलेल्या मार्गाने गेली का, हे सगळे हिशेब या पायरीनंतरचे. ही पायरी चुकली तरी पुढचे आलेख छानच दिसतात, म्हणून चूक लवकर कळत नाही.

जीपीएस एवढं अचूक असताना ठिपका इमारतीत कसा पडतो?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सगळं मोजमाप सिग्नल यायला लागलेल्या वेळेवर चालतं. वेळेत एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात ३० सेंटिमीटरची चूक. २ मे २००० पासून अमेरिकेने मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, त्यानंतर नागरी वापरातली अचूकता एकदम सुधारली. आज उघड्या आकाशाखाली साध्या मोबाइलला साधारण ५ मीटरच्या आत जागा सापडते.

मेख ‘उघड्या आकाशाखाली’ या शब्दांत आहे. काळबादेवीच्या गल्लीत आकाशाची एक चिंचोळी पट्टी दिसते. बाजूचे उपग्रह इमारतींआड जातात, आणि त्यांचा सिग्नल पोहोचलाच तर समोरच्या भिंतीवर किंवा काचेवर आपटून पोहोचतो. आपटून आलेला सिग्नल जास्त अंतर चालून येतो, आणि यंत्राला वाटतं उपग्रहच तेवढा लांब आहे. मग ठिपका २०, ३०, कधी ५० मीटर सरकतो. वाईट भाग असा की तो एकाच बाजूला, सलग बरेच सेकंद सरकलेला राहतो. सरासरी काढून अशी चूक जात नाही.

मग जवळच्या रस्त्याला ठिपका चिकटवला की झालं, नाही का?

सुरुवातीला सगळे हेच करतात आणि मोकळ्या हायवेवर ते चालूनही जातं. शहरात फसतं, आणि फसतं ते चौकात. समजा गाडी सरळ चालली आहे आणि चौकातून जाताना एक ठिपका थोडा डावीकडे पडला. त्या क्षणी आडव्या रस्त्याची मध्यरेषा सरळ रस्त्याच्या मध्यरेषेपेक्षा जवळ आहे. लागलीच ठिपका आडव्या रस्त्याला चिकटतो, पुढचा परत सरळ रस्त्याला. कागदावर गाडी गल्लीत शिरली, यू-टर्न मारून बाहेर आली. प्रत्येक चौकात असं दोन-चार मीटरचं शिंग फुटतं. शंभर गाड्यांचा महिन्याचा डेटा घ्या, ज्या गल्लीत कुणी पाऊल टाकलेलं नाही तिथे वाहतूक दिसायला लागते.

दिशा तपासून यातला थोडा त्रास कमी होतो, पण गाडी हळू चालत असेल तर यंत्राने दिलेली दिशा स्वतःच भरकटलेली असते.

योग्य पद्धत कोणती?

एकेका ठिपक्याला न विचारता सगळ्या रांगेला एकत्र विचारायचं. आज बहुतेक सगळी सॉफ्टवेअर्स जी रीत वापरतात ती मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या पॉल न्यूसन आणि जॉन क्रम यांनी २००९ मध्ये मांडली. तिचा गाभा म्हणजे हिडन मार्कोव्ह मॉडेल, म्हणजे दिसणाऱ्या ठिपक्यांवरून न दिसणाऱ्या रस्त्यांचा सर्वांत शक्य क्रम शोधण्याचं गणित. प्रत्येक ठिपक्याभोवतीचे सगळे संभाव्य रस्ते उमेदवार म्हणून धरायचे आणि प्रत्येकाला दोन प्रकारचे गुण द्यायचे.

पहिले गुण अंतराचे: ठिपका त्या रस्त्यापासून किती लांब आहे. दुसरे गुण प्रवासाचे: आधीच्या ठिपक्याच्या उमेदवार रस्त्यावरून या उमेदवारावर यायला रस्त्याने किती अंतर पडतं, आणि ते दोन ठिपक्यांमधल्या सरळ अंतराशी किती जुळतं. माणूस साधारण सरळ जातो, उगाच दीड किलोमीटरचा वळसा घालत नाही, एवढंच यामागचं गृहीतक.

आकडे घालून पाहू. पश्चिम द्रुतगती महामार्गावर गाडी उत्तरेकडे चालली आहे. एक ठिपका दुभाजकाजवळ पडला: आपल्या मार्गिकेपासून १४ मीटर, समोरून येणाऱ्या वाहतुकीच्या मार्गिकेपासून ६ मीटर. जीपीएसची चूक साधारण १० मीटरची धरली तर अंतराचे गुण येतात ०.३८ आणि ०.८४. म्हणजे नुसत्या अंतरावर चुकीची बाजू दुपटीहून जास्त फरकाने जिंकते. आता प्रवास पाहा. आधीच्या ठिपक्यापासून सरळ अंतर १२० मीटर. आपल्याच बाजूने आलो तर रस्त्याने १२३ मीटर, फरक ३. पलीकडच्या बाजूला जायचं तर पुढच्या भुयारी मार्गापर्यंत जाऊन वळून यावं लागेल, समजा १,६४० मीटर, फरक १,५२०. फरकाचं प्रमाण २० मीटर धरलं तर पहिल्याला ०.८६ गुण आणि दुसऱ्याला व्यवहारात शून्य. गुणाकार केला की निकाल लागलाच.

असे सगळे पर्याय सगळ्या ठिपक्यांसाठी तपासायचे म्हटले तर संगणकही थकेल. तिथे अँड्र्यू व्हिटर्बी यांची १९६७ ची रीत कामाला येते. प्रत्येक पायरीवर प्रत्येक उमेदवारापर्यंत येणारा सर्वांत चांगला एकच मार्ग लक्षात ठेवायचा, बाकीचे सोडून द्यायचे.

ते ‘सिग्मा’ आणि ‘बीटा’ किती ठेवायचे? इंटरनेटवर ४.०७ दिसतं.

सिग्मा म्हणजे जीपीएसची धरलेली चूक (वरच्या उदाहरणातले १० मीटर), आणि बीटा म्हणजे प्रवासाच्या गुणांतलं फरकाचं प्रमाण (तिथले २० मीटर). सिग्माचा ४.०७ मीटर हा न्यूसन-क्रम यांच्या सिॲटल भागातल्या चाचणीतून निघालेला आकडा आहे. व्हॅलहाला या सॉफ्टवेअरच्या जुळणीतही मूळ ठेवणीत तोच असतो, म्हणून तो सगळीकडे पसरला. सिॲटलच्या रस्त्यांवर एका विशिष्ट यंत्राला तो लागू पडला. भेंडी बाजारात तुमच्या यंत्राला तो का लागू पडावा?

वरच्याच उदाहरणात सिग्मा १० ऐवजी ४ धरा. अंतराचे गुण ०.००२ आणि ०.३२ होतात, म्हणजे चुकीची बाजू सुमारे १५० पटीने पुढे. जुळणीला ठिपक्यावर इतका विश्वास बसतो की प्रवासाच्या गुणांना फार बोलता येत नाही. दुभाजकाच्या बाबतीत वळसा मोठा असल्याने निभावतं. जवळजवळच्या गल्ल्यांत निभावत नाही.

स्वतःचा सिग्मा काढायला फार कष्ट नाहीत. ज्या फेऱ्यांचा मार्ग पक्का माहीत आहे त्या घ्या, प्रत्येक ठिपक्याचं खऱ्या रस्त्यापासूनचं अंतर काढा, त्यांचा मध्यक घेऊन १.४८ ने गुणा. दक्षिण मुंबईसाठी एक आणि उपनगरांसाठी एक असे दोन वेगळे आकडे ठेवले तर उत्तमच. बीटाही असाच काढता येतो, पण आधी सिग्मा नीट बसवा.

गाडी जेजे उड्डाणपुलावरून गेली की खालून, कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझा आवडता.

जेजे उड्डाणपूल २००२ मध्ये खुला झाला. जेजे रुग्णालयाजवळून क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेला दोन किलोमीटरहून लांब, आणि बरोबर मोहम्मद अली रोडच्या डोक्यावर. वरून पाहिलं तर दोन्ही रस्ते एकमेकांवर बसलेले. इथे अंतराच्या गुणांचा उपयोग जवळजवळ शून्य: ठिपका दोघांपासून सारखाच लांब. प्रवासाचे गुणही सारखेच, कारण लांबी सारखी. नुसत्या अक्षांश-रेखांशावर कितीही हुशार गणित बसवलं तरी उत्तर नाणेफेकीचं.

तरी उत्तर मिळतं, कारण डेटात इतर गोष्टी असतात.

पहिली गोष्ट गाडीचा प्रकार. जेजे पुलावर दुचाकींना बंदी आहे. डिलिव्हरी स्कूटरचा ट्रेस (म्हणजे ठिपक्यांची रांग) असेल तर तो खालचाच धरा. (नियम मोडणारे असतात, पण त्यांच्यासाठी सगळ्यांचा हिशेब बिघडवायचा नाही.) नकाशात पुलाच्या तुकड्यावर दुचाकी-बंदीची खूण आहे ना, आणि जुळणी करताना गाडीचा प्रकार ‘कार’ असाच राहिलेला नाही ना, हे आधी पाहा. मी पाहिलेल्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

दुसरी गोष्ट थांबे. पुलावर सिग्नल नाहीत आणि मध्ये कुठे उतरण्याचा रस्ता नाही. ठिपके ४०-५० सेकंद एका जागी थांबून पुढे सरकत असतील, पुन्हा थांबत असतील, तर गाडी खाली आहे. रमझानच्या संध्याकाळी मिनारा मशिदीच्या आसपास खालची वाहतूक चालण्याच्या वेगाने सरकते आणि वरची आरामात जाते. त्या वेळी वेगाचा आलेख पाहून लहान मूलही सांगेल. पहाटे तीन वाजता मात्र वर आणि खाली सारखाच वेग, तेव्हा ही खूण कुचकामी.

तिसरी गोष्ट फारसं कुणी वापरत नाही: उपग्रहांची संख्या. पुलाखालच्या गाडीच्या डोक्यावर काँक्रीटचं छप्पर आहे. एरवी दिसणारे उपग्रह तिथे अचानक निम्म्यावर येतात, एचडीओपीचा आकडा (उपग्रहांच्या मांडणीमुळे आडवी चूक किती वाढू शकते ते सांगणारा) वाढतो, ठिपके थरथरतात. पुलावरच्या गाडीला निदान डोक्यावरचं आकाश मोकळं मिळतं. बहुतेक यंत्रं हे दोन्ही आकडे प्रत्येक पिंगसोबत पाठवतात आणि सर्व्हरवर कुणीतरी जागा वाचवायला ते फेकून देतो. फेकू नका.

चौथी, टोकांकडे बघा. पूल चढायच्या आधीच्या शेवटच्या चौकात आणि उतरल्यानंतरच्या पहिल्या चौकात गाडी कुठल्या मार्गिकेत होती, मध्ये कुठे डावी-उजवीकडे वळली का. मांडवीकडे वळलेली गाडी वर असूच शकत नाही.

एवढं करूनही काही फेऱ्या संदिग्ध राहतात. त्यांना ‘संदिग्ध’ असाच शिक्का मारून ठेवा. वर आणि खाली मिळून एक सरासरी वेग काढणं हा सगळ्यात वाईट पर्याय. तो वेग दोन्ही रस्त्यांवर कधीच नसतो.

नागपूरकरांनो, तुमचं प्रकरण याच्याही वरचं. वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो, असा ३,१४० मीटरचा दुमजली पूल उभा आहे. मेट्रोतल्या प्रवाशांच्या मोबाइलचा डेटा तुमच्या गाड्यांच्या डेटात मिसळत असेल तर आधी तो वेगळा काढा.

पण जीपीएस उंचीही देतं ना? त्यावरून पूल ओळखता येईल.

देतं, पण उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा बरीच मोठी असते. सगळे उपग्रह डोक्यावरच्या बाजूला असतात, पायाखाली एकही नाही, म्हणून. पूल सात-आठ मीटर उंच आणि चूक १०-१५ मीटरची, तर काय ओळखणार? मोबाइलमध्ये हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असेल तर गोष्ट वेगळी. समुद्रसपाटीजवळ आठ-साडेआठ मीटर चढलं की दाब एका हेक्टोपास्कलने घटतो, आणि एवढा फरक चांगला सेन्सर सहज पकडतो. नेमकी उंची सोडा, अर्ध्या मिनिटात दाब घटला का एवढंच पाहा.

हायवे आणि सर्व्हिस रोड?

अवघड. दोन्ही समांतर, मध्ये १०-१५ मीटर. वेग, बस-स्टॉपवरचे थांबे आणि सर्व्हिस रोडवर शिरण्या-निघण्याच्या जागा नकाशात बरोबर असणं, या तिन्हींवर जे काय निघेल ते. जागा चुकीच्या असतील तर जुळणी किलोमीटरभर चुकीच्या रस्त्याने चालत राहते, कारण मध्ये बदलायला तिला वाटच सापडत नाही.

बोगद्यात ठिपके येत नाहीत. मग?

मुंबई किनारी रस्त्याचे मलबार हिलखालचे जुळे बोगदे प्रत्येकी २.०७ किलोमीटर लांब आहेत. ताशी ६० ने गेलात तर दोन मिनिटं आकाश नाही. चांगली जुळणी आधीचा आणि नंतरचा ठिपका घेऊन मधला मार्ग स्वतः शोधते. बोगद्याला फाटे नसल्याने हे सोपंच आहे. फक्त ‘एवढ्या वेळाचं अंतर पडलं की ट्रेस तोडायचा’ अशी मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये असते, ती ६० सेकंदांवर राहिलेली नसावी.

खरा त्रास वेगळा. काही यंत्रं सिग्नल गेल्यावर शेवटचीच जागा पुन्हा पुन्हा पाठवत राहतात, आणि वर ‘फिक्स आहे’, म्हणजे जागा सापडली आहे, असंही सांगतात. गाडी दोन मिनिटं बोगद्याच्या तोंडाशी उभी आणि मग एका पिंगमध्ये दोन किलोमीटर पुढे. अक्षांश-रेखांश शेवटच्या दशांशापर्यंत तेच, आणि वेग मात्र ५५, असे ठिपके दिसले की डोळे झाकून काढून टाका. बाहेर आल्यावरचे पहिले चार-पाच ठिपकेही भरवशाचे नसतात.

गाडी डेपोत उभी असताना किलोमीटर कसे वाढतात?

उभ्या गाडीचा ठिपका कधीच एका जागी राहत नाही, तो दहा-वीस मीटरच्या वर्तुळात भटकतो. रात्रभराचे ठिपके जोडले तर लोकरीचा गुंता दिसतो आणि त्या गुंत्याची लांबी कित्येक किलोमीटर भरते. इग्निशन बंद असताना आलेले ठिपके जुळणीला द्यायचेच नाहीत. इग्निशनची तार जोडलेली नसेल (बऱ्याचदा नसते), तर आधीच्या ठिपक्यापासून सिग्माच्या दुप्पट अंतराच्या आत पडलेला ठिपका वगळा. न्यूसन-क्रम यांनीही हेच केलं होतं.

किती सेकंदांनी पिंग घ्यावा?

ताशी ४० ने धावणारी गाडी ३० सेकंदांत ३३३ मीटर जाते. हायवेवर तेवढ्यात काही बिघडत नाही. भुलेश्वरमध्ये तेवढ्यात तीन-चार वळणं होतात आणि दोन ठिपक्यांमध्ये अनेक मार्ग शक्य असतात. सिॲटलच्या चाचणीत ३० सेकंदांपर्यंत जुळणी चांगली टिकली आणि त्यापुढे घसरत गेली. आपल्या शहरांतल्या दाट भागांत मी १० सेकंदांच्या वर जाणार नाही. सेकंदाला एक पिंग हवाच असा हट्टही नको. जुळणीत त्याने फारसा फरक पडत नाही, सिमकार्डाचं बिल मात्र वाढतं.

बीजिंगच्या टॅक्सींचा एक प्रसिद्ध डेटासंच आहे, २ ते ८ फेब्रुवारी २००८ मधल्या १०,३५७ टॅक्सींचा. त्यात दोन ठिपक्यांमध्ये सरासरी सुमारे १७७ सेकंद आणि ६२३ मीटर आहेत. त्यावर काम केलंत की १० सेकंदांच्या पिंगची किंमत कळते.

आमच्या सगळ्या गाड्या अरबी समुद्रात दिसतात!

अभिनंदन, हा सगळ्यात सोपा बिघाड. यंत्रं अक्षांश बऱ्याचदा अंश-मिनिटांत पाठवतात. १८५६.४२०० याचा अर्थ १८ अंश ५६.४२ मिनिटं, म्हणजे १८.९४०३ अंश. कुणीतरी दशांश चिन्ह सरकवून तो १८.५६४२ वाचला की गाडी एकदम ४० किलोमीटर दक्षिणेला. रेखांशातही तीच गफलत, म्हणून जवळपास तेवढीच पश्चिमेला. मुंबईतली गाडी अलिबागच्याही पुढे भर समुद्रात.

याच कुटुंबातले आणखी काही: वेग नॉटमध्ये येतो आणि किलोमीटर समजला जातो (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर). वेळ जागतिक प्रमाणवेळेत येते, यंत्र एकदा साडेपाच तास मिळवतं आणि सर्व्हर पुन्हा एकदा. अक्षांश चारच दशांशांपर्यंत साठवला जातो, मग सगळे ठिपके ११ मीटरच्या चौकटींवर बसतात. निदान पाच दशांश ठेवा. आणि नेटवर्क नसताना यंत्राने साठवून ठेवलेली डेटाची पाकिटं नंतर उलटसुलट क्रमाने येतात. जुळणीआधी यंत्राच्या वेळेनुसार रांग लावा. सर्व्हरवर पोहोचल्याच्या वेळेनुसार नको.

नकाशा कोणता वापरावा? आणि जुना चालेल का?

फुकटात आणि मोकळेपणाने वापरायचा तर ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये सुरू झालेला हा सामायिक नकाशा आहे, कुणीही दुरुस्त करू शकतो. भारताचे तुकडे जिओफॅब्रिक या संकेतस्थळावर विभागवार मिळतात, महाराष्ट्र-गोव्यासाठी पश्चिम विभाग घ्या.

अल्गोरिदमवर महिना घालवण्याआधी एक आठवडा नकाशावर घालवा. जुळणीतल्या ज्या चुका जीपीएसच्या नावावर खपतात त्यातल्या बऱ्याच नकाशाच्या असतात. गल्ली चौकाला टेकल्यासारखी दिसते पण जोडलेली नसते. एकेरी रस्त्याचा बाण उलटा असतो. उड्डाणपूल आणि खालचा रस्ता जिथे नुसते एकमेकांना ओलांडतात तिथे कुणीतरी चौक बनवून ठेवलेला असतो, आणि मग जुळणी गाडीला पुलावरून थेट खाली उतरवते. रस्ताच नकाशात नसेल तर अल्गोरिदम काय करणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

शोधायची युक्ती सोपी आहे. न जुळलेले ठिपके एकत्र करून नकाशावर टाका. एका गाडीचे विखुरलेले असतील तर यंत्र खराब. अनेक गाड्यांचे एका रेषेत असतील तर तिथे रस्ता आहे आणि तुमच्या नकाशात नाही.

जुन्या नकाशाबद्दल: ज्या तारखेचा डेटा, त्या तारखेचा नकाशा. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, पाडला गेला, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू सुरू झाली, ती शेजारच्या बर्फीवाला पुलाला जुळत नव्हती म्हणून ते जोडकाम आणखी पुढे गेलं, आणि पूर्ण पूल २०२५ मध्ये खुला झाला. २०२३ मधल्या गाड्या आजच्या नकाशावर जुळवल्या तर अंधेरीत रेल्वे ओलांडणारी वाहतूक नसलेल्या पुलावरून जायला लागेल. उलटंही होतं: २०२४ च्या आधीचा नकाशा घेतला तर हाजी अलीजवळ किनारी रस्त्यावरच्या गाड्या पाण्यात तरी दिसतात किंवा शेजारच्या जुन्या रस्त्याला जबरदस्तीने चिकटतात. दुसरं जास्त धोक्याचं, कारण ते डोळ्यांना खटकत नाही.

आमचे ड्रायव्हर राँग साइडने जातात. जुळणी मग दोन किलोमीटरचा वळसा दाखवते.

एकेरी रस्ता हा नियम जुळणी भिंतीसारखा पाळते, आपल्याकडे तो विनंतीसारखा पाळला जातो. उलट दिशेने जायला पूर्ण मनाई ठेवण्याऐवजी जबर दंड ठेवा: उलट्या दिशेचे १०० मीटर म्हणजे हिशेबात ५०० मीटर, असं काहीतरी. खरा पुरावा असेल तेव्हाच जुळणी राँग साइड मान्य करेल. दंड फार कमी ठेवलात तर दुभाजकाच्या रस्त्यांवर सगळा गोंधळ, त्यामुळे लहान गल्ल्यांना एक दंड आणि मोठ्या रस्त्यांना दुसरा ठेवणं बरं.

सॉफ्टवेअर कोणतं?

ओएसआरएम वेगवान आहे आणि प्रत्येक जुळणीसोबत भरवशाचा आकडा देतं. व्हॅलहालामध्ये गाडीचे प्रकार जास्त (स्कूटरसुद्धा) आणि प्रत्येक तुकड्याची माहिती परत मिळते, त्यामुळे शहरी डेटासाठी माझी पसंती त्याला. ग्राफहॉपर जावा जाणणाऱ्यांना सोयीचं. लाखो फेऱ्यांचा जुना डेटा एकदम चाळायचा असेल तर २०१८ मध्ये स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातून आलेलं एफएमएम पाहा. ते जवळपासच्या चौकांमधली अंतरं आधीच मोजून तक्त्यात ठेवतं. ओएसआरएमच्या सार्वजनिक डेमो सर्व्हरवर कंपनीचा डेटा लोटू नका, तो त्यासाठी नाही.

लाइव्ह ट्रॅकिंगमध्ये बसचा आयकॉन मागे-पुढे उड्या मारतो.

लाइव्ह जुळणीला पुढचे ठिपके माहीत नसतात, म्हणून नवीन पिंग आला की ती आधीचा निर्णय फिरवते. दोन-तीन पिंग उशिराने दाखवलं तर उड्या जवळजवळ थांबतात. बसचा मार्ग तर ठरलेलाच असतो; मग शहरभरचे रस्ते उमेदवार म्हणून कशाला? आधी त्या मार्गावरच जुळवा, सलग बरेच ठिपके लांब पडले तरच ‘मार्ग सोडला’ म्हणा.

एआयएस-१४० आणि नाविकमुळे हे सगळं सुटलं नाही का?

१ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस-१४० मानकाचं ट्रॅकिंग यंत्र आणि आणीबाणीचं बटण बंधनकारक झालं (रिक्षा आणि दुचाकी वगळून). त्यामुळे पाकिटांची रचना बरीच एकसारखी झाली, साठवून पाठवलेल्या जुन्या पाकिटांवर वेगळी खूण असते, हा मोठा फायदा. नाविक हे आपलं स्वतःचं उपग्रहजाल. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून त्यात एल-१ हा जगभर वापरला जाणारा बँडही आला. जास्त उपग्रह, जास्त बँड म्हणजे आपटून आलेले सिग्नल ओळखणं सोपं. पण ठिपका तीन मीटरपर्यंत अचूक झाला तरी जेजे पूल वर की खाली याचं उत्तर ठिपका देत नाही.

उपग्रहावर आधारित टोलमध्ये हेच वापरतात का?

हेच, आणि तिथे चूक पैशांत मोजली जाते. जर्मनीने १ जानेवारी २००५ पासून जड ट्रकांसाठी असा टोल सुरू केला. जिथे महामार्गाशेजारून बिनटोलचा रस्ता समांतर जातो अशा संशयाच्या जागी त्यांनी रस्त्यालगत जमिनीवरचे साहाय्यक बीकन बसवले. म्हणजे सर्व्हिस रोडचा प्रश्न नुसत्या गणिताने सोडवायचा हट्ट त्यांनीही धरला नाही. भारतात सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्ग शुल्काच्या नियमांत दुरुस्ती होऊन उपग्रहाधारित टोलचं यंत्र बसवलेल्या वाहनांना दिवसाला २० किलोमीटरपर्यंत शुल्कमाफीची तरतूद आली.

जुळणी बरोबर झाली हे तपासायचं कसं?

काही फेऱ्यांचा खरा मार्ग हाताने आखून ठेवा. ड्रायव्हरशी बोलून आखलात तर आणखी चांगलं. मग जुळणीने जास्तीचे जोडलेले मीटर आणि गाळलेले मीटर यांची बेरीज करा आणि खऱ्या लांबीने भागा. ‘९५ टक्के ठिपके जुळले’ हा आकडा विक्रेते देतात. तो निरर्थक आहे, कारण चुकीच्या रस्त्याला जुळलेला ठिपकाही त्यात जुळलेलाच असतो. तपासणीसाठी फेऱ्या निवडताना पूल, बोगदा आणि दाट गल्ल्या मुद्दाम घ्या.

स्वस्तातली एक चाचणी: नियमभंगांची यादी काढा. मुंबईत रिक्षा बेटाच्या शहरात, म्हणजे माहीम-सायनच्या दक्षिणेला, चालत नाहीत. सागरी सेतूवर दुचाकी-तीनचाकींना मनाई आहे. रिक्षाचा ट्रेस सागरी सेतूवर जुळला असेल तर रिक्षावाल्याला दोष देण्याआधी आपली जुळणी तपासा.

हा डेटा नाव काढून इतरांना दिला तर चालेल ना?

नाव काढणं पुरत नाही. १५ लाख लोकांच्या मोबाइल डेटावरच्या २०१३ च्या अभ्यासात दिसलं की जागा आणि वेळ यांचे नुसते चार ठिपके ९५ टक्के माणसांना वेगळं काढायला पुरतात. न्यूयॉर्कच्या टॅक्सींचा डेटा २०१४ मध्ये परवाना क्रमांक झाकून बाहेर आला आणि ते क्रमांक लगेच उलगडले गेले. जुळवलेला मार्ग तर कच्च्या ठिपक्यांहून जास्त बोलतो: गाडी रोज रात्री कुठल्या गल्लीत थांबते हे त्यात नेमकं दिसतं. देणं भागच असेल तर प्रत्येक फेरीची सुरुवातीची आणि शेवटची काहीशे मीटर कापा, गाडीचा सांकेतिक क्रमांक रोज बदला, आणि शक्य असेल तिथे फेऱ्या न देता रस्त्याच्या तुकड्यागणिक ताशी सरासरी वेग द्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या दृष्टीने वकिलाचा सल्ला वेगळा घ्याच.

विद्यार्थी आहे, कंपनीचा डेटा मिळत नाही. सराव कशावर करू?

पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराच्या ४४२ टॅक्सींचा जुलै २०१३ ते जून २०१४ असा वर्षभराचा डेटा खुला आहे, दर १५ सेकंदांचा ठिपका. शहर डोंगराळ, जुनं, एकेरी गल्ल्यांचं, आपल्या सवयीचं. बीजिंगचा संच घेतलात तर एक सापळा लक्षात ठेवा. चीनमधले अधिकृत नकाशे जीसीजे-०२ या मुद्दाम सरकवलेल्या पद्धतीत असतात आणि ठिपके साध्या जागतिक पद्धतीत, त्यामुळे चिनी नकाशावर सगळं काहीशे मीटर सरकलेलं दिसतं. ओपनस्ट्रीटमॅपवर ही भानगड येत नाही. त्याआधी मोबाइलमध्ये ट्रॅक नोंदवणारं एखादं ॲप टाका, स्वतः बसने जेजे पुलावरून एकदा आणि मोहम्मद अली रोडवरून एकदा जा, आणि दोन्ही फायलींमधले उपग्रहांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा.